अंजनाच्या नावचं ताट

११ ऑगस्ट, सोमवार

पाकिटं म्हशीनं खाल्ली!

पोटुशी बाईसाठी अंगणवाडीतून मिळणारी आहाराची पाकिटं. आज झुंबरबाईंच्या गोठ्यात सगळी फोडून टाकलेली बघितली. म्हैस आंबोणात तोंड घालून निवांत. मी म्हटलं, मावशी, हे श्रुतीचं होतं. तर म्हणतात कशा — "म्हस गाभण हाय. तिला ताकद नको व्हय?"

"आणि सून? ती कोण?"

"बाईचं येगळं असतंय. पोटातलं मोठं झालं की अडतंय. अंजनाचं अडलं न्हवं?"

अंजना ही त्यांची पहिली सून. गेल्या वर्षी बेंदराच्या सुमारास बाळंतपणात गेली, पोरासकट. अडली-बिडली काही नव्हती. अंगात रक्तच नव्हतं. सगळे महिने अर्ध्या भाकरीवर काढलेले. मी तेव्हा कानीकपाळी ओरडत होते, नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण त्या घराच्या डोक्यात "पोर मोठं झालं" एवढंच बसलंय. आणि आता तेच औषध श्रुतीला. सहावा महिना आणि मनगट शाळेतल्या पोरीचं.

त्यांचा मुलगा उदयसिंह दारातच उभा होता, मोबाईलमध्ये तोंड. "आईला इचारा," म्हणाला. दोन बायका करायला बरी अक्कल होती.

१३ ऑगस्ट

भाकरी थापताना परत तेच. मागं कोणीतरी उभं आहे असं वाटलं. भर सकाळी, नागसेन आंघोळीचं पाणी काढतोय, बाहेर उसाचा ट्रॅक्टर चाललाय — आणि मी मागं वळून बघते.

गावात आशाताई मीच, म्हणून अंजनाबरोबर दवाखान्याच्या गाडीत मीच होते. इचलकरंजी मागं पडली तेव्हा तिनं डोळे उघडले. "भाकरी हाय का वो ताई?" एवढंच म्हणाली. सिस्टरनं मानेनंच नको म्हटलं. आणि माझ्याकडं होती तरी कुठं? कोल्हापूर यायच्या आत संपलं.

ते शब्द मी कुणाला सांगितले नाहीत. नागसेनलासुद्धा नाही, नवरा असून. तेव्हापासून घरातून निघताना पिशवीत एक भाकरी टाकते. का ते विचारायचं नाही, असं मी स्वतःलाच बजावलंय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

उपकेंद्रात तपासणी. श्रुतीचं रक्त फार कमी. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "संघप्रिया, हिचं असंच चाललं तर तीच गत." कुणाची ते सांगावं लागलं नाही.

श्रुतीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक आहे. सवतीचा. दुसरेपणावर दिलेली बाई पहिलीच्या नावानं घालते, म्हणजे पहिली त्रास देत नाही म्हणे. सुई टोचताना पोरीनं हात कुठं धरला असेल? त्या टाकावर.

बाहेर आल्यावर पिशवीतली भाकरी तिच्यापुढं केली. "नको ताई. आत्याबाईंना कळलं तर?" नजर मात्र भाकरीवरच होती.

२० ऑगस्ट

आज खोटं बोलले.

झुंबरबाईंनी चहा दिला, माझ्यासाठी फळीवर वेगळा ठेवलेल्या कपात. तो कप मी ओळखते. एरवी गप पिते. आज कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मावशी, अंजना माझ्या सपनात येते. खायला मागते. उपाशी गेलीया ती. जे तिला दिलं न्हाय ते या पोरीला द्या, म्हणजे तिला पोचंल."

भाकरीचं नाव काढलं नाही. ते माझ्यापाशीच ठेवलं.

झुंबरबाईंचा चेहरा पांढराफटक. एवढी दांडगी बाई, साऱ्या गल्लीला दरारा, आणि पदर तोंडात कोंबून खालीच बसली. "माझ्याबी येते गं," म्हणाली. "चुलीपाशी हुबी ऱ्हाते."

मला वाटलं होतं मी खोटं बोलतेय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ताट सुरू झालं! भाकरी, मेथी, उसळ, वर दुधाचा पेला. झुंबरबाई ताट वाढतात, "अंजनाच्या नावचं" म्हणतात आणि श्रुतीच्या हातात देतात. मी डोळ्यांनी बघितलं. पाकिटंही गोठ्यात जायची बंद.

नागसेनला सांगितलं. यंत्रमागाच्या पाळीवरून आलेला, अंगभर सुताचा कापूस. हसेल वाटलं, तर तडकला. "आपण बाबासाहेबांची माणसं आणि तू भुताचं सांगत हिंडतीस?" मी म्हटलं, पोरगी जगली तर काय ते बोल मला. तो म्हणाला, "भीती घालून दिलेलं अन्न अंगी लागत न्हाय, प्रिया."

मोठा आला शहाणा.

२ सप्टेंबर, मंगळवार

रक्त आणखी उतरलंय. सिस्टरनं परत तपासलं. तेच.

मग मी दुपारी न सांगता गेले. झुंबरबाई शेतात. श्रुती ताट घेऊन परड्यात चाललेली. लिंबाच्या झाडाखाली ताट ठेवलं, हात जोडले, मागं न बघता परत आली. भाकरीवर कावळे. दूध मांजरानं संपवलं.

"अगं, तुझ्यासाठी हाय ते!"

"तिच्या नावचं हाय ताई. तिच्या तोंडचं मी कसं खाऊ? नवरा घेतला तिचा. घर घेतलं. आता घासबी घेऊ? पोरावर येईल माझ्या." आणि हळूच — "आदी अर्दी भाकरी तरी माझी हुती. आता ते ताट मिळतंय म्हणून ती बी बंद झाली."

म्हणजे मी तिच्या तोंडची अर्धी भाकरीही काढली. मी!

३ सप्टेंबर

नागसेनशी बोलले नाही. त्याचं बरोबर होतं म्हणून.

६ सप्टेंबर, शनिवार

श्रुतीला समजावलं. भूतबित काही नसतं, मी रचून सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्याबाईंच्या सपनात कोण येतंय?" माझ्या चुलीपाशी तरी कोण येतंय?

पोरीचे ओठ पांढरे पडलेत. रक्तवाढीची सुई लावायला दवाखान्यात नेलं पाहिजे, सिस्टर म्हणते. उदयसिंह म्हणतो, आईला इचारा.

८ सप्टेंबर

झुंबरबाईंना सगळं सांगितलं. ताट झाडाखाली जातंय हे. स्वप्नाचं मी बनवलं हेही. वाटलं, आता झाडू घेऊन मागं लागतील. पण त्या लिंबाकडं बघत बसल्या. उठता उठता म्हणाल्या, "नवमी कवा हाय गं?"

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं आज सवाष्ण जेवू घालतात. सवाष्ण जेवली की गेलेली जेवली. झुंबरबाईंनी गल्लीतली कुणी सवाष्ण बोलावली नाही. पाटावर श्रुतीलाच बसवलं. अंजनाचं हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, गळ्यातला टाक काढून देवापुढं ठेवला.

मी उंबऱ्याबाहेर उभी होते.

"आज तू श्रुती न्हवंस," झुंबरबाई म्हणाल्या. "अंजना हायस. तुझं तू खायचं. कुणाच्या तोंडचं न्हाय." आणि स्वतः घास भरवायला लागल्या. वरण-भात, पुरण, दूध. पोरीनं आधी तोंड फिरवलं. मग खायला लागली. किती खाल्लं! झुंबरबाई एकेक घास देत होत्या आणि रडत होत्या — "माझं चुकलं गं अंजना, खा. पोर मोठं हू दे, हू दे मोठं, खा."

मला तिथं थांबवेना. रस्त्यानं रडत आले. आनंद झालाय मला. अंगावर काटा आहे तोही खरा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रोज चाललंय. रोज तेच लुगडं नाही, पण नाव तेच. "अंजना, जेवायला ये." ती येते, बसते, खाते. सुया लावायलाही नेलं. मी म्हटलं, मावशी, नवमी झाली की आता. झुंबरबाई म्हणाल्या, "त्या नावानं खातीया. ऱ्हाऊ दे की."

राहू दिलं. मी तरी काय करणार होते?

१४ ऑक्टोबर

रक्त चढलं. सिस्टर हसली. श्रुतीच्या गालावर मांस आलंय. माझ्या चुलीपाशी बरेच दिवस कुणी आलेलं नाही. भाकरी मात्र पिशवीत टाकतेच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मुलगी. वजन चांगलं. आई ठणठणीत. अडलं नाही, काही नाही! नागसेननं पेढे आणले, अर्धे त्यानंच खाल्ले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बाळ बघायला गेले. दारातून हाक मारली — श्रुती. बाळाला पाजत होती, वर बघितलं नाही. परत मारली. नाही. आतून झुंबरबाई म्हणाल्या, "अंजना, ताई आल्यात." तेव्हा मान वर केली. हसली. मग माझ्या पिशवीकडं बघून म्हणाली, "भाकरी हाय का वो ताई?"

मी काढून दिली. तिनं सगळी खाल्ली.