बघू या, आई

कचऱ्याचा डबा मी धुतलेला नाही आणि धुणारही नाही. आईंनी माझ्या दोन्ही गोळ्या त्यात टाकल्या होत्या. चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफलं उपसून मी गोळ्यांची पाकिटं बाहेर काढली, नळाखाली धुतली आणि सोबत घेतली.

सकाळी मला बेसिनमध्ये उलटी झाली, तेवढ्यावरून आईंनी आत्यांना फोन करून गोड बातमी देऊन टाकली. वर मला म्हणाल्या, "आता असली औषधं नकोत, बाळाला बाधतील." मी म्हटलं, "आई, बाळबीळ काही नाही, पित्त आहे." त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू पावाला लोणी लावत होतास. हसून म्हणालास, "बघू या, आई."

काय बघायचंय? पहिल्या गोळीने आम्ल कमी होतं, पण अन्न पोटातून पुढे सरकत नाही, म्हणून ते ढकलणारी दुसरी जोडीला दिली, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. आणि माझ्या आंबट ढेकरांची किळस येते म्हणून तूच मला बाहेरच्या खोलीत झोपायला पाठवलंस. कित्येक महिने तू माझ्या जवळही फिरकला नाहीस. मग बाळ कुठून येणार, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तरी आईंकडून पाठ थोपटून घेत बसलास. शी! उलटी परवडली.

मी ताईकडे जातेय. आत्या संध्याकाळी बाळाची झबली घेऊन येणार आहेत. दार तू उघड, आणि खरं काय ते तूच सांग.