बाटलीतलं आमसुलाचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

राग जातच नाहीये. परळच्या डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या, मिनूच्या हातावर पेनानं खुणा केल्या, ॲलर्जी तपासायचे थेंब टाकून टोचलं. कुठे गांधी उठते ते बघेपर्यंत हात लावायचा नाही, असं बजावलं. मी फक्त पाणी आणायला गेले. तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढून आमसुलाचं पाणी तिच्या हातभर चोळलं! थेंब, खुणा, सगळं पुसलं.

"चेडू खाजवता, माका बघवत नाय."

टेस्ट फुकट. या टेस्टसाठी आठवडाभर खाजेची गोळी बंद ठेवली, पोर रडून रडून बेजार. आता पुन्हा तेच? आमसुलाचं पाणी म्हणे!

घरी पोचेपर्यंत माझ्याच मानेवर पित्त उठलं. सासूबाईंनी तीच बाटली माझ्यासमोर आणून ठेवलीय.

लावणार नाही. मान पेटलीय नुसती, तरी नाही.