कोरडा कातळ

चाचा, मागच्या शुक्रवारी मी एका साहेबांच्या गळाचा दोरा कापला. मोठा मासा लागलेला असताना कापला. तेव्हापासून आपल्या मालकाचा, अर्बाबचा, फोन नाही, आणि हे कुणाला सांगावं म्हटलं तर तुमच्याशिवाय माणूस सुचत नाही. तुम्ही जाऊन सात वर्षं झाली. तुम्हाला दर्यानं नेलं नाही. सुट्टीवर रत्नागिरीला गेलात आणि दुपारचं जेवून खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. नव्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या कामातला माणूस गेला म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी पाणीच येतं.

काम अजून तेच आहे. मस्कतहून हौशी लोक येतात, अर्बाब त्यांना पिकअपमध्ये घालून सूर शहराच्या खालच्या कड्यांवर नेतो, आणि मी त्यांचं सामान घेऊन त्यांना कातळाच्या पायरीवर उतरवतो. गळाच्या एकेका काठीला माझ्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढे पैसे पडतात. मासा लागला की फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. पहिल्यांदा ते बघून मी तुम्हाला विचारलं होतं, खायचा नाही तर पकडायचा कशाला? तुम्ही म्हणालात, "त्यांची हौस, आपली रोजी. तू माशाकडं बघूच नको." मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. पण ते खरंच आपलं काम होतं. मासा पायाशी आला की सगळे खाली वाकून बघतात, आणि त्याच वेळी एका माणसानं मान वर ठेवून लांब बघत राहायचं.

मी एकदा बघितलं. पहिल्याच हिवाळ्यात. पाहुण्यानं कोकर मासा वर आणला, चांदीच्या परातीसारखा, आणि माझी मान आपोआप वळली. तुम्ही कॉलर धरून मला वर ओढलंत. लाट आली ती पाहुण्याची बादली घेऊन गेली, बाकी काही नाही. खोलीवर आल्यावर गॅसवर दूध ठेवलंत, मला त्याच्यासमोर उभं केलंत आणि म्हणालात, "बघ." मी बघत उभा. मागे तुम्ही फोनवर क्रिकेट लावलंत. बराच वेळ काही नाही. मग तुम्ही ओरडलात, "गेला रे, गेला, आऊट!" मी वळलो. तेवढ्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली. तुम्ही शांतपणे फडका माझ्या हातात दिलात. "क्रिकेट कालचं होतं," म्हणालात. "दूध आजचं. पूस आता."

त्या रात्री मी गावी परत जायचं ठरवलं होतं. नववीत शाळा सुटलेला, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारा माणूस मी. कुलूप लावून जिना उतरलो की परत वर जाऊन कुलूप ओढून बघतो. हे लिहितानासुद्धा शब्द दोनदा बघतोय. मी म्हणालो, चाचा, मला भीती वाटते, मला हे जमणार नाही. तुम्ही सुरमईचे तुकडे तव्यावर उलटत होतात. मागे न बघता म्हणालात, "भीती वाटते म्हणून तर तुला घेतलाय. ज्याला वाटत नाही त्याला मी खाली नेत नाही. खा आता." आणि दुसऱ्या दिवशी तुमचा पोचा पडलेला थर्मास मला दिलात. खाली उतरण्याआधी कड्यावर बसायचं, चहा संपेपर्यंत नुसतं पाणी बघायचं, पाहुणे कितीही कुरकुरले तरी. मी अजून तसंच करतो. तोच थर्मास आहे. झाकण बदललंय.

शुक्रवारचे साहेब मस्कतचे, आपलेच, पुण्याकडचे. तीन हिवाळे येतायत आणि तिन्ही हिवाळे मोठा कोकर त्यांना हुलकावणी देतोय. या वेळी मुलीला घेऊन आले होते. कॉलेजात जायच्या वयाची, बापाचा मासा फोनमध्ये घ्यायला आलेली. मराठी तिला अडखळत येतं. कड्यावर मी चहा घेत बसलो तेव्हा साहेब म्हणाले, "अरे, हा चहा आहे की उपास सोडतोयस?" मुलगी हसली. मीही हसलो, पण शेवटचा घोट पिऊन झाल्यावरच उठलो.

आपली ती रुंद पायरी तुम्हाला आठवत असेल. सकाळी ती पांढरीफटक होती, मीठ वाळून खडखडीत. लाटांनी भिजलेला काळा पट्टा पुरुषभर खाली. आणि समोर तो एकटा खडक, ज्याला तुम्ही म्हातारा म्हणायचात. म्हातारा बुडाला की वर चढायचं, हा तुमचा कायदा. ज्या लाटेनं तो बुडतो तिच्यामागे तिचा थोरला भाऊ असतो, असं तुम्ही म्हणायचात.

पहिल्या तासात म्हाताऱ्याच्या कमरेपर्यंत पाणी आलं. मी सगळ्यांना वर घेतलं. काही झालं नाही. खाली गेलो. थोड्या वेळानं परत त्याच्या खांद्यावरून फेस गेला, मी परत वर घेतलं. परत काही झालं नाही. साहेब घामाघूम झाले होते. "तू हवामान खात्यात का नाही जात?" म्हणाले. "तिथंही असंच असतं." अर्बाब वर गाडीपाशी उभा राहून बघत होता. मला माझाच राग आला. कुलूप ओढून बघणारा माणूस मी, माझ्या सांगण्यावर मीच किती विश्वास ठेवायचा?

तिसऱ्यांदा खाली उतरलो आणि मासा लागला.

रीळ किंचाळतंय. साहेबांची काठी अशी वाकली आहे की तिचं टोक पाण्याकडे ओढलं जातंय. ते पाय रोवून मागे रेलतात, दोन हात दोरा घेतात, मासा चार हात परत नेतो. मुलगी फोन धरून पायरीच्या अगदी कडेला गेली आहे. मी तिला म्हणतो, ताई, मागे या. ती म्हणते, "एक मिनिट भैया, दिसत नाहीये." मी खाली बघत नाही. मी लांब बघतोय. काळा पट्टा आता पायरीपासून कमरेएवढाच खाली आहे हे मला मघाशी दिसलंय. आणि मग म्हातारा बुडतो. नुसता फेस नाही. पूर्ण बुडतो, जागेवर गुळगुळीत पाणी.

मी ओरडतो, वर चला. साहेब म्हणतात, "आता गप्प बस हं." मी परत ओरडतो. मुलगी बापाकडे बघते. बाप म्हणतो, "घे तू, घे, आला वर, दिसतोय बघ." आणि मला कळतं की मासा आहे तोवर हा माणूस हलणार नाही, आणि बाप हलत नाही तोवर पोरगी हलणार नाही. माझ्या कमरेला दोरा कापायची छोटी कात्री असते. मी पुढे होतो आणि रिळाच्या वरच दोरा कापतो.

साहेब मागे आपटून बसले. मी मुलीचा दंड धरला आणि तिला वर ढकलली, मग साहेब आले, मोकळी काठी हातात घेऊन. कड्यावर पोचल्यावर ते वळले आणि हाताची घडी घालून दर्याकडे बघत उभे राहिले.

"दाखव," म्हणाले. "कुठाय तुझी लाट?"

आम्ही उभे राहिलो. अर्बाबही येऊन उभा राहिला. चौघं जण, चाचा, त्या पायरीकडे बघत. लाट आली, काळ्या पट्ट्याला लागून परत गेली. दुसरी आली, तीही तशीच. म्हातारा वर आला होता आणि उन्हात चमकत होता. त्याच्यावर एक पक्षीही येऊन बसला. मुलगी दंड चोळत होती. मी जोरात धरला होता. साहेब म्हणाले, "तीन वर्षं. तीन वर्षं थांबलो होतो मी त्या माशासाठी." ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

अर्बाबनं मला बाजूला घेतलं. "पानी आया?"

"नहीं आया, अर्बाब."

"तू ने देखा था?"

"पत्थर डूब गया था."

त्यानं दर्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "खलास," म्हणाला. "यल्ला, सामान भरो." सूरला मला उतरवताना मी विचारलं, पुढच्या शुक्रवारी येऊ का? तो म्हणाला, "इन्शाल्ला." त्याच्या तोंडचं इन्शाल्ला कधी हो असतं आणि कधी नाही असतं, ते तुम्हाला ओळखता यायचं. मला अजून येत नाही.

तुमच्या वेळीही आपण कितीतरी वेळा फुकट वर आलो. पाहुणे हसायचे, आणि तुम्ही गाडीच्या फळीवर बसून चहा ओतायचात. "आजचा दिवस रिकामा गेला," म्हणायचात, "अल्लाचा शुक्र." मला ते तेव्हा साधं वाक्य वाटायचं. ते म्हणणं इतकं कठीण असेल हे मला शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं.

उद्या परत शुक्रवार आहे. फोन आला तर मी जाईन, आणि म्हातारा बुडाला तर परत कापीन. निदान असं मला वाटतं. पण त्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती, म्हणून हे लिहायला बसलो. हे पाठवायला जागा नाही, ते एका परीनं बरंच आहे. कड्यावर उभे होतो तेव्हा ती पोरगी माझ्या शेजारी सुखरूप उभी होती, आणि मी मनातल्या मनात लाटेला म्हणत होतो, ये, एकदा तरी ये, पायरीवरून जा, यांना दिसू दे. शेवटी आम्ही निघालो तेव्हाही मी मागे वळून बघितलं. कातळ कोरडाच होता, चाचा, आणि मला त्याचं वाईट वाटलं.