आईपुढचे दोन नमस्कार

गीसोक बाळा,

परवा तू फोनवर म्हणालास, "बाबा, स्पेनच्या क्लबला स्ट्रायकर हवाय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. जाऊ ना?" मी म्हणालो, "शेवाळ वाळत घातलंय, नंतर बोलू." ते खोटं होतं. समुद्रातून काढलेलं ते शेवाळ आदल्याच दिवशी वाळून गाठोड्यात गेलं होतं.

मला आठवलं ते तुझ्या आईचं श्राद्ध. आपल्या घराण्यात नवरा बायकोच्या तसबिरीपुढे वाकत नाही. मुलगा तिच्यापुढे दारूचा प्याला ठेवतो आणि दोनदा कपाळ जमिनीला टेकतो. तू तिकडे गोल मारत असशील तेव्हा इथे तिच्यापुढे कोण वाकणार, हे मला विचारता आलं नाही.

काल शेजारच्या मालसुनकाकूंपाशी बोललो. मासे साफ करता करता त्या म्हणाल्या, "अरे, ती होती तेव्हा तिच्यापुढे मान खालीच असायची तुझी! आता कसली लाज?"

आज सकाळी दार लावून मी तिच्या तसबिरीपुढे वाकून पाहिलं. पहिल्या नमस्काराला अवघडलो. दुसऱ्याला उठावंसंच वाटेना. कपाळ जमिनीला टेकवून मी तिच्याशी बोलत राहिलो. एवढं तर संसारातही कधी बोललो नव्हतो.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंस तर तू विमानात बसायचा नाहीस. थोड्या वेळाने फोन करून तुला एवढंच सांगेन, "जा. आईचं मी बघतो."

तुझा,
बाबा