अभ्यासदौऱ्यातली म्हातारी

अकोला, ता. १२ जानेवारी १९६४

चि. जानरावास श्रावणचा जयभीम. वि. वि.

आशीर्वाद लिहायचं मन होत नाही, म्हणून लिहिला नाही. गेल्या आठवड्यात मी शाळेत असताना तू अमेरिकन प्राध्यापकांचा अभ्यासदौरा आपल्या वस्तीत आणलास. नवबौद्ध कसे राहतात ते दाखवायचं होतं म्हणे. एक गोरी बाई पापड वाळत घालणाऱ्या मायपाशी थांबली. तुला पाहून माय हरखली आणि सगळ्यांना म्हणाली की हा माझा लहाना लेक, अमरावतीले प्रोफेसर हाये. तू हसून आधी मराठीत आणि मग बाईला इंग्रजीत सांगितलंस की म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, दिसेल त्याला लेक म्हणते. हे मला तुझ्या मैनावहिनीने सांगितलं. तेव्हापासून मायने पापडाला हात लावलेला नाही. शेजारच्या बाया येऊन बसतात, जणू घरात मयत झाली.

तुला शिकवायला ती जिनिंग कारखान्यात कापूस वेचत होती. तिला वेडी ठरवताना इंग्रजी तरी शुद्ध बोललास ना?

लोभ मागत नाही, ठेवणारही नाही.

श्रावण


अमरावती, ता. १७ जानेवारी

ति. दादास सा. न.

तू मास्तर आहेस, छडी हातात घेऊनच लिहितोस. वस्ती मी निवडली नव्हती, कार्यक्रम वरून ठरून आला होता. माझ्यामागे खुशालराव उभे होते. ते दुसऱ्या कॉलेजात शिकवतात, त्यांच्याच घरात मी भाड्याने राहतो. तू आपल्या माणसांत राहतोस. मी या शहरात दारोदार फिरलो; आडनाव ऐकलं की खोली भरलेली असायची. आडनाव बदललं तेव्हा ही मिळाली. तोंडातून निघालं ते निघालं. त्याची लाज मला आहे, पण तुझ्यापुढे मान खाली घालणार नाही. मॅट्रिकवर अडकलास त्याचा राग माझ्यावर काढू नकोस.

उन्हाळ्यात आपल्याकडचे प्राध्यापक असेच अमेरिकेला जाणार, त्यांत माझं नाव आहे. जाण्याआधी मायच्या पाया पडायला येईन. तू त्या दिवशी घरी नसलास तर बरं.

जानराव


अकोला, ता. २२ जानेवारी

जानराव,

मी भागीरथा सांगून राहिली, मैना लिहून राहिली. सांगतो तसंच लिही म्हनलं, सुधरवू नोको.

तुमी दोघं भाऊ भांडा, मले त्याचं काई नाई. तुले खोली भेटत नाई हे मले काहून नाई सांगतलं? सांगतलं असतं तं म्या तुले वळखलंच नसतं. कोनी इचारलं असतं तं म्हनलं असतं, कोन मानूस हाये का मालूम. तेवढं मले जमलं असतं. तू मले येडी केलं, ते नाई जमत.

पाया पडाले येऊ नोको. तुयी माय कोन हाये ते चार लोकांत सांग, मंग तिच्या पाया पड. तवरक या येडीच्या घरी तुयं काई काम नाई.

जिवाले जपून राहाय.

भागीरथा


अमरावती, ता. ३ फेब्रुवारी

ति. मायस सा. न.

मुद्दाम उघडं कार्ड टाकतोय. पोस्टमनने वाचलं तरी चालेल.

गेल्या आठवड्यात पाहुण्यांचा निरोप समारंभ झाला. त्या गोऱ्या बाईने भाषणात विचारलं की अकोल्याच्या त्या वेड्या म्हातारीचं औषधपाणी कोण बघतं. मी उठलो आणि म्हणालो की ती वेडी नाही, माझी माय आहे, खोटं मी बोललो. बाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुशालराव मधूनच निघून गेले. मी घरी पोचलो तर माझी पेटी आणि पुस्तकं रस्त्यावर होती. अमेरिकेच्या यादीतून नाव काढल्याचं आज सकाळी कळलं.

दादाला सांग, हे त्याच्या पत्राने झालं नाही. त्याच्याशी माझं भांडण आहे तसंच आहे.

आता इथल्या आपल्या लोकांच्या वस्तीत चतुराबाई नावाच्या एका बाईच्या ओसरीवर राहतो. तिला आपलं खरं आडनाव सांगितलं. घरी कोण कोण आहे, असं तिनं विचारलं. म्हटलं, अकोल्याला माय आहे. मग माय भेटायला कधी येईल, असं ती रोज विचारते. तिला काय सांगू?

तुझा लेक
जानराव