काठावर कुणीतरी हवं

३ मार्च

ती. मावशीस,
बेडकीचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान नंतर पिळ, आधी बातमी ऐक. दोन वर्षांपूर्वी तुझ्या दंडाची आगकाडीच्या गुलाएवढी कातडी आमच्या प्रयोगशाळेसाठी नेली होती ना? त्यातल्या पेशी आम्ही काचेच्या बशीत वाढवतो. पेशी ठरावीक वेळा दुभंगते आणि मग थकते. तुझ्या पेशींमधलं एक झोपलेलं जनुक आम्ही जागं केलं, तर त्या थांबायचं नावच घेत नाहीत! बाकीच्या बशा केव्हाच संपल्या. आमच्या सरांनी तोंडात बोटं घातली.

त्या बशीला सगळे मावशीच म्हणतात. दर दोन दिवसांनी तिला ताजं खाणं घालावं लागतं, रविवारीसुद्धा, म्हणून याही सुट्टीत येणं जमत नाही. पण बघशील तू, एक दिवस आम्ही माणसाला अमर करणार आणि पहिला नंबर तुझा. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव.

राग धरू नकोस, धरलास तर थोडाच धर.

तुझी बेडकी

११ मार्च

चि. बेडकीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

माझी कातडी इतकी मोलाची निघणार हे माहीत असतं, तर तीस वर्षं तलावावर पोरांना पोहायला शिकवताना ती उन्हात रापवली नसती. एक विचारायचं राहिलं. अमर झाल्यावर गुडघे चालतील, की नुसते कुरकुरत राहतील?

डॉक्टरांनी पंचवीस तारीख दिली होती. मी सांगून आले, की भाची मला अमर करतेय, उगीच छाती कशाला फाडा. ते हसले, पण मी तारीख खरंच रद्द केली. फोनवर बोलताना धाप लागते, म्हणून पत्रच बरं. जिन्यात मधल्या मजल्यावर शेजारणीने माझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करते, वेळ छान जातो.

एक तक्रार मात्र आहे. त्या बशीतल्या मावशीला तू रविवारीसुद्धा वेळेवर जेवायला घालतेस. इथल्या मावशीच्या पानाशेजारी दोन वर्षांत एकदाही बसली नाहीस. मत्सर म्हण हवं तर.

तब्येतीला जप, चहा कमी पी.

मावशी

१६ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मावशी, मी फुशारकी मारली गं. बशीतल्या पेशींना तू कोण हे ठाऊकही नाही. त्यांना पोहता येत नाही, माझ्यावर ओरडता येत नाही. आणि थांबायचं विसरलेल्या पेशी बशीत असल्या की आम्ही प्रयोगशाळाभर कौतुक करतो, त्याच अंगात असल्या की त्यांना गाठ म्हणतात. आईच्या पोटात तेच होतं. हे मला रोज आठवतं, तरी तुला लिहिताना मी विसरले.

जनुकांच्या कामातून म्हातारपण थोडं लांबेल, काही दुखणी टळतील, असं मला मनापासून वाटतं. पण माणूस कायमचा राहील? नाही वाटत. तुझ्या झडपेला पुरेल इतक्या लवकर तर काहीच होणार नाही. हात जोडते, तारीख परत घे.

तुझी घाबरलेली बेडकी

२१ मार्च

चि. बेडकीस अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, मला काय कळत नव्हतं? तुझी थाप मी पहिल्याच वाचनात ओळखली. मला सबब हवी होती, ती तू आयती पाठवलीस.

खरं सांगू? मला भीती वाटते. मरणाची तितकी नाही. ते ढकलगाडीवरून आत नेणार, भूल देणार आणि मी एकटीच खोल जाणार, याची वाटते. इतकी पोरं मी पाण्यात उतरवली, पण काठावर कुणी नसताना एकालाही उडी मारू दिली नाही. तुझी आई गेली त्या वर्षी तू नऊ वर्षांची होतीस. निळी टोपी घालून फळीवर उभी राहायचीस आणि दर वेळी विचारायचीस, की मावशी, तू जाणार नाहीस ना. मी नाही म्हटलं, की मगच बेडकीसारखी उडी मारायचीस.

आता माझं घोडं तिथंच अडलंय. अमरपण नको गं मला. काठावर कुणीतरी हवं.

हे वाचून रडत बसू नकोस, मला चालायचं नाही.

मावशी

२४ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

रडले. तुला चालो न चालो.

डॉक्टरांशी बोलले. दोन एप्रिल ठरली आहे, आता रद्द करायला गेलीस तर ते आधी मला विचारतील. बशीतल्या मावशीला मी आज गोठवून टाकीत ठेवलं. तिथे ती कितीही वर्षं झोपून राहील, तिचं काही बिघडत नाही. सरांनी किती दिवसांची रजा विचारलं, तर मी म्हटलं, मावशी परत ओरडायला लागेपर्यंत.

शनिवारी संध्याकाळी पोचते. माझ्यासाठी जेवायची थांब. आणि तुझी तलावावरची शिट्टी शोधून ठेव, ती गळ्यात घालून मी ऑपरेशनच्या दाराशी उभी राहणार आहे. आत नेताना एकदा मागे वळून मला विचार, की तू जाणार नाहीस ना.

विचारायचं राहून गेलं तरी सांगून ठेवते. नाही जाणार.

तुझीच,
बेडकी