पांगुळगाड्यातला राजा

३ फेब्रु., मंगळ
अकरावीच्या फ्रेंचच्या तासाला एकोणिसाव्या शतकातली व्यंगचित्रं दाखवली. झबलं घातलेला राजा पांगुळगाड्यात, मंत्री दाई होऊन खीर भरवतोय. वर्ग खो खो हसला. सांगितलं, तिथे राजाची लायकी काढायची तर त्याला मूल करायचे. मूल म्हणजे ज्याचं सगळं दुसऱ्यांनी ठरवायचं. मागच्या बाकावरची म्हणाली, "मॅम, राजा को गुस्सा नहीं आता था?" म्हटलं, चित्रात तरी नाही.
घरी येऊन मिलिंदला भात भरवला. स्ट्रोकनंतर नवऱ्याचा उजवा हात चालत नाही, शब्द फुटत नाहीत.

५ फेब्रु., गुरु
घात केला मी. शेवटचा घास घेईना, तर तोंडून गेलं, "मंमं संपव बघू, शहाणं बाळ ते!" इरा लहान असताना म्हणायचे तेच. इथे आखातात रुवैसच्या तेल रिफायनरीत शिफ्ट चालवलेला माणूस. डाव्या हाताने वाटी उडवली.
इरा: "आई, ही अंडरस्टँड्स एव्हरीथिंग. डोन्ट टॉक टु हिम लाइक दॅट."
बारा वर्षांची पोर. मला का नाही कळलं, मी तर परवाच वर्गात

६ फेब्रु., शुक्र
माझ्या हातचं खात नाही. इराच्या हातून खातो. किती वेळा सॉरी म्हटलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

८ फेब्रु., रवि
पुण्याहून भाऊजी आले, मिलिंदचे थोरले भाऊ. दारातूनच, "काय रे गाढवा, आयतं गिळतोस होय?" मी दचकले. मिलिंद हसला! एकाच बाजूने, पण हसला. चमचा त्याच्या डाव्या हातात दिला भाऊजींनी. निम्मा भात शर्टावर. कुणी पुसला नाही.
बरं वाटायला हवं होतं. जळफळाट झाला.

१० फेब्रु., मंगळ
भाऊजी त्याला पुण्याला न्यायचं म्हणतात. "मित्र येतील, शिव्या देतील. इथे आखातात, अल बर्शात कोण येतं?" खरंय. तासभर बोललो, व्हीलचेअर, फिजिओ, फ्लाइट. मिलिंद समोरच बसलेला. इरानेच विचारलं, "हॅज एनीवन आस्क्ड बाबा?"


१४ फेब्रु., शनि
आज विचारलं. गोड आवाजात नाही, नवऱ्याशी भांडते त्या आवाजात. "मला सोडून जायचंय तुला? जायचं असेल तर माझा हात दाब."
दाबला. 
भाऊजी म्हणाले, "चला, ठरलं," आणि तिकिटासाठी मोबाइल काढला. मी हात सोडवायला गेले, तर मिलिंद सोडेचना.
"भाऊजी, थांबा जरा, त्याला पुन्हा विचारू," म्हटलं.
इरा ट्यूशनहून आली तेव्हाही माझा हात त्याच्याच हातात होता. तिकीट अजून काढलेलं नाही.